तक्तपोशी : सागवानाची निवड, निगा आणि आपले वाडे

‘तक्तपोशी’ हा शब्द आपल्या बोलण्यातून आता जवळजवळ गेला आहे. फारसीतील ‘तख्ता’ म्हणजे फळी आणि ‘पोशी’ म्हणजे आच्छादणे. फळ्या जोडून केलेली जमीन किंवा छत ती तक्तपोशी. वाड्याच्या माडीवर चालणाऱ्याच्या पायाखाली जी जमीन असते, तीच खालच्या ओसरीत बसलेल्याच्या डोक्यावरचे छत असते. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि पुष्कळ ठिकाणी फळ्यांवर माती व चुना यांचा थर, अशी ही रचना. सज्जाची आणि दर्शनी गॅलरीची फळी मात्र उघडीच राही. ऊन, पाऊस आणि थंडी यांचा पहिला मार तीच खाई.

हा विषय केवळ सुतारकामाचा म्हणून बाजूस सारण्यासारखा नाही. इंदूर, उज्जैन, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदे येथे दोन-अडीच शतकांपूर्वी येऊन राहिलेल्या आपल्या घराण्यांनी भाषा, कुळाचार आणि स्वयंपाकघर यांच्याबरोबर घर बांधण्याची एक रीतही आणली. त्या रीतीचा कणा लाकूड होता. ज्या प्रदेशात ही रीत रुजली, तेथील ऋतू देशावरच्यापेक्षा कठोर. ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. दोन महिन्यांत तीच आर्द्रता ऐंशीच्या वर चढते. आणि पौषात पहाटेचा पारा दोन-तीन अंशांवर येतो. अशा हवेत लाकडी माड्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या, त्या कशाच्या बळावर, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ‘जुने सागवान ते, त्याला काय होते’ हे उत्तर सर्वांच्या तोंडी असते. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचा विसर पडल्यामुळे आपले वाडे आज पडत आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

वाड्याबरोबर आलेली रीत

नमुना पुण्याचा होता. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. त्यासाठी सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आला, असे सांगितले जाते. दगडी जोते, विटांच्या भिंती आणि त्यांच्या आत खांब-तुळयांचा स्वतंत्र लाकडी सांगाडा ही मांडणी पुढे सरदारांबरोबर उत्तरेस गेली. इंदूरचा राजवाडा मल्हारराव होळकरांनी १७४७ मध्ये सुरू केला. त्याच्या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. १७६७ नंतर अहिल्याबाईंनी महेश्वरी राहण्यास जाऊन जो वाडा आपला मानला, तो साध्या लाकडी खांबांचा. त्यात राजवैभवाचा दिमाख नाही. शिंद्यांची राजधानी १८१० च्या सुमारास उज्जैनहून ग्वाल्हेरच्या पायथ्याशी आली आणि दौलतरावांच्या छावणीचेच ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. तंबूंच्या जागी वाडे उठले.

प्रदेशाप्रमाणे या रीतीने रूप बदलले, हेही ध्यानात घ्यावे. चांगल्या सागाचे रान उत्तरेस साधारण झाशीच्या आसपास संपते. नर्मदाखोऱ्याजवळच्या इंदूर-महेश्वरकडे लाकूड हाताशी होते. ग्वाल्हेरला ते दुरून आणावे लागे, पण वालुकाश्म मात्र दारातच होता. म्हणून लष्करच्या वाड्यांत दर्शनी बाजूस कोरीव दगडाची जाळी आणि झरोका दिसतो, तर लाकूड आतल्या चौकात, सावलीत गेलेले दिसते. जेथे लाकूड दुर्मीळ, तेथे ते सर्वांत सुरक्षित जागी वापरावे, हा विवेक त्यात आहे. बडोद्याच्या तांबेकर वाड्यात याच्या उलट लाकूड मुक्तहस्ताने वापरलेले आढळते. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा चार मजली वाडा भिंतींवरील आणि लाकडावरील चित्रांसाठी प्रसिद्ध असून आता पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे.

लाकडाची पारख

लाकूड निवडण्याचे शास्त्र आपल्याकडे फार जुने आहे, आणि त्याचा एक थोर आचार्य माळव्याचाच. सहाव्या शतकातील उज्जयिनीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी लाकूड आणण्यास वनात जावे तेव्हा कोणते वृक्ष वर्ज्य करावेत, हे एका स्वतंत्र अध्यायात सांगितले आहे. वीज पडलेला, वणव्यात होरपळलेला, वाऱ्याने उन्मळलेला, वेलींनी वेढलेला, मधमाश्यांचे पोळे असलेला वृक्ष घेऊ नये, असा त्याचा आशय. शकुनाची भाषा बाजूला केली तर यातील व्यवहार सहज दिसतो. वीज किंवा आग लागलेल्या खोडात बाहेरून न दिसणाऱ्या भेगा असतात. वेलींनी आवळलेले खोड सरळ वाढत नाही. पोळे जेथे बसते तेथे पुष्कळदा ढोली असते. पलंग आणि आसने यांसाठी उत्तम म्हणून त्याने ज्या वृक्षांची नावे दिली, त्यांत ‘शाक’ म्हणजे आपला साग आहे.

मराठी राज्याची दृष्टी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, उमटली आहे. आरमारासाठी मोठे लाकूड लागते. ते साग वगैरे झाडांचे, हुजूरच्या परवानगीने तोडावे. अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस ही झाडेही उपयोगाची, पण त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती मुलांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानेच तोडावे, जबरदस्ती करू नये, असे तेथे बजावले आहे. या मजकुराकडे पर्यावरणाचा आद्य पाठ म्हणून पाहण्याची प्रथा आहे. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लाकूड म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्याची वर्षे, ती उधळण्याचा अधिकार राज्यालाही नाही, ही जाणीव.

सागच का

सुतारांनी जे अनुभवाने ओळखले, ते आता आकड्यांत सांगता येते. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. त्याबरोबर फुगते आणि आकसते. लांबीत हा फरक नगण्य असतो. रुंदीत मात्र तो दिसतो, आणि तोही फळी कशी चिरली यावर अवलंबून असतो. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत साग वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो. अमेरिकेतील पांढऱ्या ओकच्या बाबतीत हेच आकडे १०.५ आणि ५.६ आहेत, म्हणजे ओक जवळजवळ दुपटीने हलतो.

आता ग्वाल्हेरच्या माडीवरची २० सेंटिमीटर रुंदीची फळी घ्या. वैशाखात तिच्यातील ओलावा पाच-सहा टक्क्यांवर येतो, श्रावणात तो पंधरा-सोळापर्यंत चढतो. या दहा टक्क्यांच्या चढउतारात वलये आडवी असलेली सागाची फळी चार मिलिमीटरपर्यंत रुंद-अरुंद होते. ओंडका मधून उभा चिरून काढलेली, टोकाशी वलये उभी दिसणारी फळी दोन मिलिमीटरांच्या आतच हलते. जाड लाकूड इतक्या त्वरेने बदलत नाही म्हणून प्रत्यक्षात फरक काहीसा कमी पडतो, पण प्रमाण हेच. म्हणून तक्तपोशीस फळी निवडताना तिच्या रंगापेक्षा तिचे टोक आधी पाहावे. उन्हाळ्यात बसविलेल्या फळ्यांत फट ठेवावी लागते, नाही तर पावसाळ्यात त्या एकमेकींना रेटून उचलल्या जातात. पावसाळ्यात घट्ट बसविल्या तर उन्हाळ्यात त्यांच्यामधून खालची ओसरी दिसते.

दुसरा गुण टिकाऊपणाचा. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात, ती वाळवीस मानवत नाहीत. रबरासारखे एक द्रव्य असते, ते पाणी सहज शिरू देत नाही. पण हे सारे गाभ्याचे गुण. सालीलगतचे पांढरट लाकूड सागाचे असले तरी कीड त्याला सोडत नाही. ‘साग म्हणून घेतले आणि पाच वर्षांत भुगा झाला’ अशी तक्रार ऐकू येते, तेथे बहुधा हे पांढरे लाकूडच पदरी पडलेले असते.

या गुणांची कसोटी समुद्रावर लागली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने सागवानी जहाजे बांधण्यात नाव मिळविले. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजत. सागात ती खोड नव्हती. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही मलबारी सागाची युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने लक्षात राहावी. त्यानंतर चोवीस दिवसांनी खडकीची लढाई झाली आणि २१ डिसेंबरला महिदपूरची. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली. ज्या हंगामात मराठी सत्ता मोडली, त्याच हंगामात मुंबईच्या गोदीतून उतरलेले ते लाकूड दोन शतकांनंतरही शाबूत आहे. मात्र ते आपोआप शाबूत राहिलेले नाही. त्याच्यावर सतत माणसांचा हात फिरला आहे.

रानाकडून वखारीकडे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लाकडाची सारी व्यवस्था बदलली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. मलबारात निलंबूर येथे १८४० च्या दशकात जिल्हाधिकारी कोनोली यांनी सागाची लागवड सुरू केली. पुढे रेल्वे आली. लोहमार्गाच्या दर मैलास सतराशे ते दोन हजार लाकडी स्लीपर लागत, आणि साग, साल, देवदार यांची राने त्या भुकेपुढे झपाट्याने विरळ झाली. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झाले. १८६५ मध्ये सातपुड्यातील बोरीचे सागाचे रान राखीव करण्यात आले. ते आज सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

याचा परिणाम वाड्यांच्या बांधणीवर झाला. पूर्वी घर बांधणारा आणि झाड निवडणारा यांच्यामध्ये एक-दोनच माणसे असत. आता लाकूड डेपोतून, लिलावातून आणि वखारीतून येऊ लागले. ब्रह्मदेशी सागवान बंदरात उतरून रेल्वेने आत पोहोचू लागले. ते उत्तमच होते. ब्रह्मदेशात झाड तोडण्याआधी बुंध्याभोवती साल व पांढरे लाकूड कापून ते दोन-तीन वर्षे उभेच वाळवीत, कारण ओला साग नदीत नीट तरंगत नाही. ओंडका वाहून नेण्याच्या गरजेतून लाकूड मुरण्याची सोय आपसूक झाली. पण घरमालकाची पारख या काळापासून उणावत गेली. लाकडाची निवड व्यापाऱ्यावर सोपवली गेली. सांभाळ तेवढा घरच्यांकडे उरला.

वर्षाचे चक्र

हा सांभाळ कसा होता, ते सांगणे अधिक महत्त्वाचे. वाड्याच्या बांधणीत आधीच काही गोष्टी साधलेल्या असत. खांब जमिनीत न पुरता दगडी उथळ्यावर उभा करीत, त्यामुळे जमिनीची ओल त्याच्या पायास चढत नसे. वर कवेलू पुढे काढून पागोळ्या भिंतीपासून दूर पाडीत. मधल्या चौकामुळे वारा खेळता राही. भिंतीचा गिलावा चुन्याचा किंवा मातीचा असल्याने भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाभोवतीची ओल बाहेर पडू शके. लाकडास बुरशी लागण्यासाठी त्यात सुमारे वीस टक्क्यांवर ओलावा सतत राहावा लागतो. डोके कोरडे, पाय कोरडे आणि भोवती वारा असला की पावसाळ्यातही लाकूड त्या मर्यादेच्या खाली राहते.

पण बांधणी कितीही चांगली असली तरी कवेलू सरकतात, पन्हळीत पाने साचतात, माकडे छपरावरून जातात. म्हणून वर्षाचा क्रम ठरलेला असे. चैत्र-वैशाखात छपराची फेरणी व शाकारणी होई. फुटकी कवेलू बदलली जात, पन्हळी साफ होत. त्याच उन्हात लाकूड सर्वांत कोरडे असल्याने भेगा स्पष्ट दिसत. त्या राळ आणि लाकडाचा भुसा यांनी भरता येत. अळशीचे तेल, ज्याला सुतार बेलतेल म्हणतात, कोरड्या लाकडात चांगले मुरते. पावसाळ्यात वरच्या खोल्या मिटून न ठेवता दारे-खिडक्या दिवसातून काही वेळ उघडीत. दसऱ्या-दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा एकदा प्रत्येक खांब, चौकट आणि सज्जा पुसला जाई. चुलीच्या धुराने स्वयंपाकघराचे छत काळे होई खरे, पण त्या धुरापासून किडीही दूर राहत.

यातील तेलाला आपण अवास्तव महत्त्व देतो. तेलामुळे ओलाव्याची ये-जा मंदावते, थांबत नाही. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यातच आहे. जहाजांच्या सागवानी डेकला तेलाचा हात देत नसत, तरी ते टिकत. मग दरवर्षीच्या तेलपाण्याचा लाभ कोणता? आमच्या मते तो असा, की त्यानिमित्ताने घरातील लाकडाच्या प्रत्येक वीतभर भागावरून वर्षातून एकदा तरी कोणाचा तरी हात फिरे. कोठे ठोकल्यावर आवाज पोकळ येतो, कोठे वाळवीची मातीची रेघ वर चढली, कोणत्या तुळईच्या टोकाशी भिंत ओलसर आहे, हे त्या हाताला कळे. चार आण्यांच्या कवेलूने थांबणारी गळती चार वर्षे कोणी पाहिली नाही, तर तुळईचे टोक कुजते. आणि टोक कुजलेली तुळई एक दिवस सारा मजला घेऊन खाली येते. ही पाहणी सुतारापेक्षा घरातल्या बायकामाणसांनी आणि जुन्या गड्यांनी अधिक केली; त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

कोठे बिघडले

ऋतूंनी हे लाकूड हरविले नाही. लाकडाचा मोठा संहार माणसाच्या हाताने झाला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गात जळाले, तेव्हा त्या इंग्रजी मोहिमेस पेशव्यांची साथ होती. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले आणि राजवाडा जाळला. होळकर-शिंद्यांच्या भाऊबंदकीची ती किंमत. दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत तो पुन्हा उभा राहिला. १९०८ मध्ये आणखी एक आग नोंदली जाते, आणि १९८४ च्या दंगलीत मागचा बहुतेक भाग भस्मसात झाला. त्या भागाची उभारणी २००६-०७ मध्ये होळकर घराण्याच्या पुढाकाराने जुन्या पद्धतीचे साहित्य वापरून झाली. पुण्याचा शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ ला पेटला आणि आठवडाभर जळत राहिला.

आपल्या घरगुती वाड्यांना मात्र ज्वाळा क्वचितच लागल्या. त्यांचे बिघडणे सावकाश, आवाज न होता झाले. वाटण्या झाल्या आणि एका छपराचे चार मालक झाले. गळणारा कोपरा कोणाच्या वाट्याचा, यावरच पावसाळे गेले. मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेली, वरचे मजले मिटले, वारा थांबला. चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा गिलावा चढला आणि तुळईच्या टोकाशी साचलेली ओल आतच कोंडली गेली. लाकडावर ऑइलपेंटचे थर चढले. खालून रंग चकचकीत, वरून पाणी शिरलेले, अशी तुळई आतून कुजते आणि रंगामुळे दिसतही नाही. सर्वांत घातक सुधारणा म्हणजे माडीच्या तक्तपोशीवर काँक्रीट ओतून फरशी बसविणे. पाच सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन दर चौरस मीटरला १२० किलोच्या घरात जाते. वर फरशी निराळी. ज्या कड्या माणसांच्या वर्दळीसाठी बसविल्या, त्यांच्यावर हे ओझे कायमचे येऊन पडते, शिवाय फळ्यांची वरची बाजू हवेला पारखी होते. मग मजला खचला की ‘लाकूड जुने झाले होते’ असा निर्वाळा दिला जातो.

वाडा पाडायचा ठरला की सर्वांत आधी त्याचे लाकूड विकले जाते, कारण जुन्या लाकडाचा व्यापारी त्याची किंमत आपल्यापेक्षा अधिक ओळखतो. तेथे आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. सरकारी रानांत साग साधारण साठ ते ऐंशी वर्षांनी तोडण्याजोगा मानतात. हल्लीचे खासगी लागवडीचे लाकूड पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांतच बाजारात येते आणि त्यात गाभा कमी, पांढरे लाकूड जास्त असते. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली. आपल्या माडीतल्या तुळईच्या तोडीचे लाकूड आता पैसे देऊनही सहज मिळणारे नाही. असे लाकूड हातचे घालवून त्या जागी बसणारे सिमेंट शंभर वर्षांनी कोणी सोडवून पुन्हा वापरू शकणार नाही.

आज काय करता येईल

सर्वच वाडे वाचतील, अशा भ्रमात आम्ही नाही. ज्यांना वाडा राखणे शक्य आहे, त्यांनी आधी छप्पर आणि पन्हळी पाहाव्यात. छप्पर गळत असताना लाकडावर केलेला खर्च वाया जातो. तुळईची भिंतीतील टोके आणि खांबांचे बुडखे टोकदार सुईने तपासावेत; सुई सहज आत गेली तर तो भाग कुजला आहे. केवळ टोक कुजले असेल तर सारी तुळई काढण्याचे कारण नसते. चांगला सुतार तेवढाच भाग कापून नवे मुरलेले लाकूड सांध्यात बसवितो. लाकडाजवळचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करावा. तेलाचा हात द्यायचा तर अळशीच्या तेलाने भिजलेले बोळे गोळा करून ठेवू नयेत. वाळताना त्यांत उष्णता साचून ते आपोआप पेट घेऊ शकतात. ते मोकळ्यावर पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून टाकावेत. आणि वाड्यातील जुनी वीजजोडणी दर काही वर्षांनी जाणत्याकडून तपासून घ्यावी.

ज्यांच्या वाड्याच्या जागी नवे घर उभे राहिले आहे आणि ज्यांना गच्चीवर किंवा अंगणात फळ्यांची जमीन हवी आहे, त्यांनाही हेच नियम लागू पडतात. फळ्या अरुंद आणि शक्यतो उभ्या चिरीच्या घ्याव्यात, कोरड्या हंगामात त्यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटर फट ठेवावी, खालून वारा जाईल असे आधार द्यावेत, पाणी वाहून जाण्यास उतार ठेवावा आणि स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे वापरावेत. लाकडातील ओलावा मोजून घ्यावा. भारतीय मानक आयएस २८७ ने हवामानानुसार देशाचे चार विभाग करून प्रत्येकासाठी लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा दिल्या आहेत. उन्हात सागवान रुपेरी करडे होते. तो दोष नाही. दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या ‘इपे’सारख्या कठीण लाकडांची चलती आहे, परंतु नोव्हेंबर २०२४ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आहेत, याचे स्मरण ठेवावे. आणि विकत घेण्यापूर्वी आपल्याच नात्यात कोणाचा वाडा उतरत आहे का, याची चौकशी करावी. जुन्या कडीतून नवी फळी उत्तम निघते, आणि ते लाकूड आपल्या हवेत शे-दीडशे उन्हाळे पाहिलेले असते.

शेवटी एक सूचना मंडळाच्या सभासदांपुढे ठेवतो. वंशावळी, सनदा आणि कागदपत्रे यांची नोंद आपण निगुतीने करतो. त्याच वहीत आपल्या वाड्याचे माप, खांब व तुळया यांची संख्या, लाकडाची जात, शेवटची शाकारणी कधी झाली, कोठे गळते, कोणता सुतार काम जाणतो, एवढे दोन पानांत लिहून ठेवावे. वाडा राहिला तर पुढच्या वैशाखात ती पाने हाती घेऊन कोणाला तरी छपरावर चढता येईल. आणि वाडा उतरवावाच लागला, तर त्याचे लाकूड कोणत्या नातलगाच्या घरी गेले, ही शेवटची नोंदही त्याच पानावर करता येईल.